कोल्हापुरात नवा संसार मांडताय? दुकानाच्या ब्रँडचा किराणा आणि कंपनीचा किराणा कसा पारखायचा

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही नाशिकहून राजारामपुरीत राहायला आलो. पहिल्या महिन्याचा किराणा भरायला एका मोठ्या दुकानात गेले. नुसत्या तूरडाळीच्याच पाच तऱ्हा समोर होत्या. दोन पाकिटं जाहिरातीत दिसणाऱ्या कंपन्यांची, दोन त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाची (एक साधं, एक ‘प्रीमियम’) आणि शेजारी पिंपात सुटी डाळ. त्या महिन्यात मी सगळं स्वस्तातलं उचललं. चहा पाणचट झाला, हिंगाला वास नव्हता, तांदळाचा भात गिच्च. चिडून पुढच्या महिन्यात सगळं कंपनीचं घेतलं. बिल बघून नवरा गप्पच झाला.

त्यानंतर आठ महिने वही घालून एकेक वस्तू पारखली. ‘चांगलं कोणतं’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, ‘कशासाठी चांगलं’ असं विचारलं की मिळतं, हे त्यातून कळलं. माझे ते आठ महिने तुमचे वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी हाताशी काय ठेवायचं

- गेल्या दोन महिन्यांची किराणा बिलं
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा (ग्रॅम दाखवणारा)
- एकसारख्या आकाराच्या चार स्टीलच्या वाट्या किंवा डबे, चिकटपट्टी, पेन
- दोन काचेचे ग्लास
- मोबाइल: कॅल्क्युलेटरसाठी, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं कॅमेऱ्याने मोठी करून वाचण्यासाठी
- एक वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवून बघितल्या, पण पिठाच्या हातांनी ते जमत नाही

१. समोर तीन पर्याय आहेत, दोन नाहीत

दुकानाचा ब्रँड म्हणजे दुकानसाखळी दुसऱ्या कुणाकडून बनवून किंवा निवडून-भरून घेते आणि स्वतःच्या नावाने विकते तो माल. डीमार्टचा ‘प्रीमिया’, रिलायन्सचा ‘गुड लाइफ’, बिगबास्केटचा ‘बीबी रॉयल’ ही त्यातली ओळखीची नावं. याला जाहिरातीचा आणि मधल्या वितरकाचा खर्च फारसा नसतो. स्वस्ताईचं मोठं कारण हे आहे. माल हलका आहे म्हणूनच तो स्वस्त, असं दरवेळी नसतं.

कंपनीचा ब्रँड सगळ्यांना माहीत आहे. तिसरा पर्याय सुट्या मालाचा, आणि कोल्हापुरात तो विसरून चालत नाही. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात डाळ, गहू, तांदूळ पोत्यातून हातात घेऊन, वास घेऊन, दाताखाली दाणा फोडून घेता येतो. शिवाय १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. म्हणजे दोन पाकिटं एकमेकांशी ताडताना कर सारखाच पडतो, सुट्याशी ताडताना मात्र फरक तिथूनच सुरू होतो.

दूध-तुपाबाबत इथे वेगळंच आहे. गोकुळ म्हणजे जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांचा १९६३ सालापासूनचा सहकारी संघ, आणि वारणाही सहकारातलंच. हेच इथले मोठे ब्रँड. दुधात दुकानाचा ब्रँड शोधायच्या भानगडीत मी पडलेच नाही.

२. दर एकाच मापात आणा

इथे सगळ्यात जास्त फसायला होतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

पाकिटावर एमआरपीजवळ एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो. तो कामाचा आहे, पण त्यात तीन खाचा आहेत.

पहिली खाच: किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो, किलोपेक्षा जास्त असेल तर किलोचा. अर्ध्या किलोच्या पाकिटावर ०.१७ रुपये आणि मोठ्या पिशवीवर १६८ रुपये असे आकडे असले की डोकं चालत नाही. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणा.

दुसरी खाच: ग्रॅमचा दर दोन दशांश स्थळांपर्यंतच छापतात. ०.१७ म्हणजे किलोला १६५ पासून जवळजवळ १७५ पर्यंत काहीही असू शकतं. दहा रुपयांचा फरक तिथेच दडतो. म्हणून किंमत भागिले वजन हा हिशोब स्वतः करायचा.

तिसरी खाच: छापलेला दर एमआरपीवर काढलेला असतो आणि तुम्ही पैसे देता ते सवलतीनंतरचे. दुकानाच्या ब्रँडवर मोठी एमआरपी आणि तितकीच मोठी सूट हे वारंवार दिसतं. ‘तीस टक्के सूट’ ही पाटी डोळ्यांआड करा आणि बिलावर पडणारी रक्कम धरा.

आता तेल. एक लिटर खाद्यतेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं, पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या पिशव्यांमध्ये एक लिटरची असते आणि दुसरी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची. समजा लिटरची पिशवी १४५ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १३८ ला. दुसरी स्वस्त वाटते. किलोवर आणा: पहिली पडते १५९ रुपयांच्या आसपास, दुसरी १६२ च्या पुढे. डब्यालाही हेच लागू. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे. डबा घेताना ‘पंधराचा’ असं न म्हणता किलो की लिटर ते विचारा.

३. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला नुसती चित्रं असतात. मागे या चार गोष्टी बघा.

*बनवणारा कोण.* दुकानाच्या ब्रँडवर ‘मार्केटेड बाय’ दुकानाचं नाव असतं आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ किंवा ‘पॅक्ड बाय’ पुढे दुसऱ्याच कुणाचं. एफएसएसएआयचा (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांकही बघा. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे १५, आणि केंद्रीय परवाना असेल तर ००. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर क्रमांक टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं.

‘अहो, सगळं एकाच कारखान्यात बनतं, नाव फक्त वेगळं’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. कधी ते खरं असतं. पण कारखाना एक म्हणून माल एक होत नाही. त्याच गिरणीतून वेगवेगळ्या दर्जाची डाळ वेगवेगळ्या पिशव्यांत जाऊ शकते, कारण दर्जा मागणाऱ्याने ठरवलेला असतो. बनवणाऱ्याचा क्रमांक तोच, घटक त्याच क्रमाने आणि पोषणाचा तक्ताही जुळतोय, असं तिन्ही दिसलं तर दोन्ही पाकिटांत एकच माल असण्याची शक्यता मी मोठी धरते. एवढ्याने खात्री पटवून घेत नाही, पण आजमावायला ते स्वस्त पाकीट जरूर आणते.

*घटकांचा क्रम.* घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. सॉसमध्ये साखर टोमॅटोच्या आधी आली किंवा ब्राउन ब्रेडमध्ये मैदा पहिला आला की तिथेच कळतं. हिंगाची डबी अवश्य वाचा. बाजारातला बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे डिंक आणि पीठ मिसळलेला. पीठ यादीत कितव्या जागी आहे ते बघा. माझ्या पहिल्या महिन्यातल्या बिनवासाच्या हिंगाचं उत्तर तिथेच छापलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं.

*नेमकं नाव.* ‘आइस्क्रीम’ आणि ‘फ्रोजन डेझर्ट’ एक नाहीत. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. फळाचा रस आणि ‘फ्रूट ड्रिंक’ यांतही असाच फरक.

*पॅकिंगची तारीख.* डाळी, रवा, बेसन, शेंगदाणे यांत ब्रँडपेक्षा ताजेपणा मोठा. मोठ्या दुकानात स्वतःच्या ब्रँडचा खप भरपूर असतो, त्यामुळे तो पुष्कळदा ताजा मिळतो. पण मागच्या रांगेत हात घालून बघाच.

४. घरी आंधळी चाचणी घ्या

हे करताना नावं झाकायची. पाकीट दिसलं की जीभ आधीच ठरवून मोकळी होते.

तूरडाळीचं कसं केलं ते सांगते. दुकानाची साधी, कंपनीची आणि लक्ष्मीपुरीतली सुटी, अशा तिन्ही शंभर-शंभर ग्रॅम तोलल्या. आधी ताटात पसरून खडे, सालं, काळे दाणे आणि चुरा वेचला आणि वेचलेलं तोललं. तेवढं वजन किमतीत जातं, म्हणून ते वहीत लिहायचं. मग तीन वाट्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर अ, ब, क लिहिलं. सारखं पाणी, अर्धा तास भिजवून एकाच कुकरमध्ये तिन्ही वाट्या. मीठ-हळद कशातच नाही.

झाकण काढल्यावर ‘अ’ मधली डाळ लोण्यासारखी मोडली होती. ‘ब’ शिजली होती, पण दाणे वेगळे राहिले होते आणि वर घट्टसर फेस. ‘क’ या दोन्हींच्या मधली. शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या पक्क्या कोल्हापूरच्या. त्यांनी नावं विचारली नाहीत, करंगळीने तिन्ही चाखल्या, ‘ब’ दोन बोटांत चुरडून बघितली आणि म्हणाल्या, “ही वरणाला नको बघ. आमटीला चालतीय की, चटणी-गूळ पडलं की कोण विचारतंय! पण वरण करशील तर ह्याचंच कर.” आणि ‘अ’ कडे बोट केलं.

बुडं पालथी करून बघितली तर ‘अ’ लक्ष्मीपुरीची सुटी, ‘ब’ दुकानाची साधी, ‘क’ कंपनीची. सगळ्यात महाग डाळ मधल्या नंबरवर. तेव्हापासून घरात दोन डबे आहेत: वरणाचा छोटा, आमटी-सांबाराचा मोठा. तुमच्या घरी निकाल वेगळा लागेल. डाळ हंगामागणिक बदलते, म्हणून माझा निकाल न उचलता पद्धत उचला.

तांदळाला असंच, फक्त आधी शंभर ग्रॅममधला तुकडा वेगळा करून तोलायचा. रोजच्या भाताला थोडा तुकडा असला तरी मला चालतो. इडली-डोशाला तर तुकडाच घेते. पुलाव करायचा असेल तर नाही.

चहा-साबण अशांचा हिशोब वजनावर करू नका, वापरावर करा. पाव किलोत किती दिवस चहा झाला ते पाकिटावर तारीख टाकून बघा. दुकानाचा चहा किलोमागे बराच स्वस्त होता, पण रंग यायला दीड चमचा लागायचा. माझ्या घरी तो महागच पडला. भांड्यांचा साबण, फरशीचं फिनेल, कागदी रुमाल यांत दुकानाचा ब्रँड पुरून उरतो.

५. हळद-तिखट पाण्यात टाकून बघा

मसाल्यात चवीबरोबर भेसळीचीही भीती. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाण्याला फिकट पिवळी छटा येते. गडद पिवळं झालं तर रंगाचा संशय. मिरचीपूड पाण्यावर भुरभुरा. रंगाच्या रेघा झरझर खाली उतरल्या तर कृत्रिम रंग, तळाशी खरखरीत साका लागला तर विटेची भुकटी वगैरे. हा पहिला अंदाज झाला, पक्कं निदान प्रयोगशाळेतच होतं.

नवीन आलेल्यांनी एक लक्षात ठेवा. इथे ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण चटणी: मिरचीबरोबर कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला असलेली. पाकिटातली साधी मिरचीपूड तिच्या जागी त्याच मापाने घातली तर चव येणार नाही आणि तिखटही भलतंच होईल. या दोन वस्तूंची तुलनाच करू नका. चटणीत दुकानाचा ब्रँड आणि कंपनीचा ब्रँड दोन्ही मी आणून बघितले आणि दोन्ही थांबवले. उन्हाळ्यात इथे घरोघरी रंगाला ब्याडगी मिरची, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी आणून, वाळवून, डंकावरून (मसाला कुटायच्या गिरणीतून) कुटून आणतात. एकट्याने जमणार नसेल तर शेजारी विचारा. किलोभर मिरची त्यांच्या चटणीत घालून घेतात, माझ्या काकूंनी घेतली.

६. कोल्हापूरच्या नावाला भुलू नका

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली आणि आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे पाकिटावर ‘कोल्हापुरी’ किंवा ‘घनसाळ’ लिहिलं की भाव वाढतो. मागे कुठे भरलंय ते वाचा. गूळ शक्यतो रव्यातून (म्हणजे गुळाच्या ढेपेतून) फोडून दाखवणाऱ्याकडून घ्या: वास घ्या, तुकडा चाखा, खारट लागला तर सोडा. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ, ही माझीही समजूत होती. तो रंग आणायला रसायनं वापरतात, म्हणून आता मी जरा काळपटच घेते. गुळासाठी पाकीट, मग ते कुणाचंही असो, कोल्हापुरात राहून का घ्यायचं ते मला समजत नाही.

७. कुठे डोळे झाकून दुकानाचा ब्रँड घ्यावा, कुठे नाही

मीठ: दुकानाचं घ्या. आयोडीनचं प्रमाण नियमानेच ठरलेलं आहे, ग्राहकापर्यंत पोहोचताना ते दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावंच लागतं. ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय ना, तेवढं बघा. साखर: दुकानाची किंवा सुटी. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखरेच्या ब्रँडला जादा पैसे देऊ नका. दाणा बारीक की जाड हाच फरक. पोहे, साबुदाणा, रवा: दुकानाचे, ताजे बघून. शेंगदाणे: सुटे, चार दाणे चावून. एखादा कडवट किंवा बुरशीचा लागला तर ते पोतंच नको.

हिंग, चहा, लहान मुलांचं खाणं, आणि जिच्या चवीवर घरात एकमत झालंय अशी कुठलीही वस्तू: कंपनीची. इथे दहा-वीस रुपये वाचवून घरात कुरकुर ओढवून घेण्यात अर्थ नाही.

पीठ मी कुठलंच पाकिटातलं घेत नाही. लोकवन गहू आणून गल्लीतल्या गिरणीत दळते. नोकरीमुळे जमत नसेल तर दुकानाच्या ब्रँडचं पीठ आणि कंपनीचं पीठ यांच्या पोळ्या एकाच दिवशी करा आणि चार तासांनी डब्यातून काढून मोडून बघा. गरम असताना दोन्ही सारख्याच लागतात.

८. एका महिन्यात दोनच वस्तू बदला

सगळी यादी एकदम बदलली की काय बिघडलं ते कळत नाही, हे मी भोगलंय. महिन्याला दोन वस्तू, त्यांचंही सगळ्यात लहान पाकीट. वहीत चार रकाने: वस्तू, बिलावरचा किलोचा दर, वेचून गेलेलं वजन, आणि ‘कशाला चाललं’.

जून ते सप्टेंबर मात्र प्रयोगही कमी आणि साठाही कमी. इथला पाऊस दमट आणि लांबलचक. ‘एकावर एक’ मिळालं म्हणून एका जुलैत मी रव्याची आणि बेसनाची चार पाकिटं आणली. पंधरा दिवसांनी तिसरं उघडलं तर आत जाळी आणि अळ्या. पॅकिंगची तारीख पाच महिन्यांपूर्वीची निघाली. बिल टाकून दिलं होतं, दुकानाने हात वर केले. बेगमी करायचीच तर एप्रिल-मेमध्ये करा, उन्हं देऊन, कोरड्या डब्यात.

९. बिल आणि रिकामं पाकीट माल संपेपर्यंत ठेवा

माल डब्यात ओतला की पाकीट कचऱ्यात टाकायची सवय सोडा. बॅच क्रमांक, तारीख, परवाना क्रमांक सगळं त्यावरच असतं. मी पाकिटाची ती पट्टी कापून डब्यातच ठेवते. काही खराब निघालं तर फोटो काढा, उरलेला माल जपून ठेवा आणि आधी दुकानात जा. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा इथे एक फायदा आहे: विकणारा आणि नाव लावणारा एकच, त्यामुळे ‘कंपनीला विचारा’ म्हणून परत पाठवता येत नाही. पुढच्या वेळी बिल आणि पट्टी घेऊन गेले तेव्हा पाच मिनिटांत बदलून मिळालं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवरून. वजन कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे. त्यासाठी पाकीट न फोडता तोललेला फोटो लागेल, म्हणून मी नवीन दुकानातून आणलेली पहिली दोन-तीन पाकिटं फोडण्याआधीच काट्यावर ठेवते. काट्यावर पिशवीचंही वजन येतं, तेव्हा आकडा छापलेल्यापेक्षा थोडा जास्तच दिसायला हवा.